फाटक्या विरुद्ध डिंक्या

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पायजे, न्हाईतर संध्याकाळपर्यंत मलाच खोटं वाटायला लागंल. कामाला जायचंय, मालकाचे दोन मिसकॉल येऊन पडलेत, आईनं दिलेला चहा गार झालाय, तरी मी पायरीवर बसून टाईप करायलोय. आज सकाळी आमच्या दारात एक गोष्ट झाली. दोन मिनिटांची. पण ती कळायची असंल तर आधी चाचा कळायला पायजेत, म्हणून चाचांपासून सुरू करतो.

चाचांचं माजलगावात बॅकवॉटरकडं जाणाऱ्या रस्त्याला स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. नाव सांगत न्हाई, माजलगावच्या माणसाला कळंलच. लग्नात डीजेचा स्पीकर बसला की तो चाचांकडं यायचा. स्पीकरमधी तो काळ्या जाड कागदाचा खोलगट भाग असतो बघा, परातीवानी, तो थरथरला की आवाज निघतो. त्याला कोन म्हणत्यात. कोन जळला की चाचा तो कापून काढायचे अन् नवा बसवायचे. पण जुना फेकायचे न्हाईत. छताला तारा बांधलेल्या, त्याच्यावर सगळे जुने कोन टांगलेले. नवीन गिऱ्हाईक वर बघून दारातच थांबायचं. भर दुपारी वटवाघळं लटकल्यावानी दिसायचं ते.

चाचांच्या हातात कायम एक लांब पेचकस. त्यानं ते स्क्रू कमी पिळायचे अन् ऐकायचे जास्त. टोक वस्तूला टेकवायचं, मूठ दातात धरायची, डोळे मिटायचे. स्पीकरला, पंख्याला, उभ्या यष्टीला, लिंबाच्या झाडाला बी. एकदा मी त्यांना गाडीवर धरणाकडं घेऊन गेलतो, तर तिथल्या कठड्याला पेचकस लावून पंधरा मिनिटं उभे. येणारे जाणारे बघायलेत, मला मेल्यावानी झालं.

"काय ऐकायलात चाचा?"

"पाणी," पेचकस दातातच. "आज जरा नाराज हाय."

"कान में नै रे, हड्डी में सुनते," असं म्हणायचे. अन् दुसरं एक म्हणायचे, ते मला आवडायचं न्हाई. "आवाज मरता नै. बैठ जाता." कुठं बसतो म्हणून विचारलं की बोट वर, त्या टांगलेल्या कोनांकडं.

एकदा दुपारी लाईट गेलती. वारा न्हाई, रस्त्याला माणूस न्हाई. अन् वरचा एक कोन थरथरायला लागला. मग त्याच्या शेजारचा. मग अख्खी ओळ. आवाज असा काहीच न्हाई, नुसतं दातात काहीतरी वळवळल्यावानी. मी स्टुलावरनं उठून भिंतीला टेकलो. चाचांनी निवांत टेबलाला पेचकस लावला अन् म्हणले, "उसाचा ट्रॅक्टर येतोय. दोन ट्रॉल्या." मी बाहेर बघितलं, रस्ता रिकामा. चहा पिऊन होईपर्यंत ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, अन् ड्रायव्हरनं सीटमागं हे मोठं स्पीकर लावून गाणी सुरू. म्हंजे उत्तर मिळालं. पण तो यायच्या आधीचा जो वेळ होता ना, तो माझ्या अंगावरनं अजून उतरला न्हाई.

चाचांची घड्याळाशी दोस्ती नव्हती. त्यांचं घड्याळ म्हंजे शेळ्या. रोज सकाळी आमच्या घरापुढनं अन् मग दुकानावरनं एक कळप बॅकवॉटरकडं जायचा. प्रत्येक शेळीच्या गळ्यात बारकं घुंगरू. ती खुळखुळ लांबून यायला लागली की चाचा हातातलं काम, मग कुठलं बी असू दे, खाली ठेवून चहाला उठायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "चाचा, तेवढी वायर तर जोडा." तर म्हणायचे, "शेळ्या गेल्या की बाबा," जसं काय शेळ्या साहेब हायत.

आता त्यांच्या पोराचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच हाय.

तो अन् मी एका वर्गात. त्याच्याकडं जुनी इलेक्ट्रिक गिटार, माझ्याकडं ड्रम. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत आमी रॉक वाजवायचो. माजलगावात. लोक चाचींना विचारायचे, घराचं काम काढलंय का. गिटारीच्या स्पीकरचा लाकडी खोका, म्हंजे कॅबिनेट, चाचांनीच दिलेलं, त्यातला स्पीकर बी त्यांच्याच हातचा, एकदम स्वच्छ आवाजाचा. अन् तिथंच घोळ होता. रॉकमधी गिटारीचा आवाज स्वच्छ चालत न्हाई. फाटका लागतो. त्याच्यासाठी वेगळं यंत्र मिळतं, पण ते आमच्याकडं नव्हतं. मग पोरानं एक दिवस कॅबिनेटची जाळी काढली, अर्धं ब्लेड घेतलं अन् कोनाला बोटभर चीर दिली.

तार छेडली. आई शपथ, काय आवाज निघाला. पत्र्यावर पत्रा घासल्यावानी, कुणीतरी घसा फोडून खरं बोलायलं असं. आमी दोघं एकमेकाकडं बघून येड्यावानी हसायलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजचं गॅदरिंग होतं अन् आमचं नाव यादीत होतं.

त्या संध्याकाळी चाचांनी तो कोन बघितला.

आता तुमी चाचांच्या बाजूनं बघा. ज्या माणसाची सगळी उमर फाटका आवाज नीट करण्यात गेली, त्याला पोराच्या मोठ्या दिवसाच्या आदल्या दिवशी पोराच्याच स्पीकरला चीर दिसली. त्यांनी काय करावं? पांढऱ्या पातळ कागदाची पट्टी कापली, डिंक लावला, बोटानं पुढनं मागनं बसवली, बल्बखाली वाळवली. इतकं बारीक काम की हात फिरवला तर कळू नये. कुणाला बोलले न्हाईत. चांगलं काम सांगून करायचं नसतं, असं त्यांचं होतं.

स्टेजवर पोरानं जोरात तार छेडली अन् आवाज आला सनईच्या कॅसेटवानी गोड. मग मागनं कुणीतरी म्हणलं, "उठा बे, आरती सुरू झाली." त्यानंतर आमचं काहीच ऐकू गेलं न्हाई, नुसतं हसणं.

दुकानात आल्यावर पोरानं जाळी काढली. पांढरी पट्टी.

"हात कोणी लावला ह्याला?"

"फाटलं होतं बेटा," चाचा खुशीत. "नीट केलं मी."

"मी फाडलं होतं, अब्बा."

चाचांना कळंनाच. "कावून? चांगला स्पीकर कावून फाडायचा?"

"तुमाला फाटकं दिसलं की ठिगळ लावायचं एवढंच येतंय. मी वाजवतो ते ऐकू येतंय का तुमाला? न्हाई येत. कधीच न्हाई आलं."

"तो आवाज न्हाई, बिमारी हाय," चाचा म्हणले. "बिमारी घरात नको मला."

आठ दिवसात पोरगा पुण्याला गेला. गिटार घेऊन गेला, कॅबिनेट इथंच. चाची फोनवर बोलायच्या. हे दोघं बोलले न्हाईत. एक वर्ष, दोन वर्षं, तीन.

मी तोपर्यंत फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनला लागलोतो. वाढदिवस अन् श्रद्धांजली, फोटो एकच, अक्षरं बदलायची. एक दिवस चाचा आले, पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. उघडलं तर जुना काळा कोन. अन् त्याच्या आतल्या बाजूनं पांढऱ्या ऑइलपेंटनं चित्रं काढलेली. गोल गोल चौकटी, कडेपासून सुरू होऊन आत आत जाणाऱ्या. वाचायचं तर कोन हातात धरून फिरवत राहायचा. शेवटची चौकट मधल्या भोकापाशी.

"चित्रकथा हाय," चाचा म्हणले. लहानपणी स्टँडवरच्या स्टॉलला उभं राहून भाड्यानं वाचायचे म्हणे. "बोलणं मी सांगतो. तू मराठीत लिही. माझं शिक्षण उर्दूत."

"कुणासाठी चाचा?"

"ज्याला उर्दू येत न्हाई त्याच्यासाठी," असं म्हणले अन् दुसरीकडं बघायले. पोरगा मराठी शाळेतला. मी पुढं विचारलं न्हाई.

त्या चित्रकथेत एक हिरो होता, फाटक्या. गळ्यापासून बेंबीपर्यंत छातीला चीर, पाठीला दप्तरावानी अँप्लिफायर. चीर उघडली की असा आवाज निघतो की बंद पडलेली वस्तू परत बोलायला लागती. अन् व्हिलन होता डिंक्या. हातात डिंकाचा डबा अन् पांढरे कागद. तो गावात फिरतो अन् ज्याच्यातनं आवाज निघतो त्याच्या तोंडावर कागद चिकटवतो. डिंक्याचा चष्मा, टोपी, दातातला पेचकस, सगळं बघितल्याबरोबर कळतं. चाचांनी स्वतःला काढलं होतं. ओठ बी काढले न्हाईत. चेहऱ्यावर नाकाखाली नुसता पेचकस.

पहिल्या कोनात डिंक्या शेळ्यांमागं जातो. एकेका शेळीला थांबवतो अन् घुंगरावर कागद लावतो. शेवटच्या चौकटीत कळप रस्त्यानं चाललाय, घुंगरं तिरकी झालेली, म्हंजे हलायलीत, अन् आवाजाची एक रेघ न्हाई. मी त्यात लिहिलं, "आता शांत." चाचा म्हणले, "बारीक लिही. अजून बारीक."

दोन दिवसांनी मी सकाळी त्यांच्या दुकानात बसलोतो. कळप आला. खुळखुळ, रोजच्यावानी. चाचा सोल्डर करायलेत. कळप दारातनं गेला, धूळ आत आली, चाचांनी मान वर केली न्हाई. थोड्या वेळानं धुळीकडं बघून म्हणले, "गेल्या का?" मी हो म्हणलं. ते चहाला उठले.

मला वाटलं कामात लक्ष असंल.

दुसरा कोन कुकरचा. डिंक्या रात्रंदिवस शिट्टी मारणाऱ्या एका कुकरवर झेप घेतो, भारी चित्र होतं, मी खूप हसलो. त्याच आठवड्यात चाची दारात उभ्या राहून मला सांगायल्या, "सुन रे, ह्यांना म्हणलं तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. कुकरला टेकून बसलेत अन् डाळ कोळसा. काय म्हणावं ह्या माणसाला?"

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते असं होतं: चाचा काढतेत ते होतंय.

तिसऱ्या कोनात यष्टीचा कंडक्टर. गाडी मागं घेताना तो शिट्टी मारत असतो, डिंक्या त्याच्या शिट्टीवर कागद लावतो, गाडी तशीच मागं येत राहती. शेवटच्या चौकटीत नुसती गाडीची मागची बाजू, मोठी होत गेलेली. मी अक्षरं लिहून दिली. अन् दुसऱ्या दिवशी स्टँडवर केजची गाडी मागं यायली, कंडक्टर जीव काढून शिट्टी मारायलाय, अन् चाचा गाडीच्या बरोब्बर मागं, पाठ करून, तंबाखू मळायलेत. मी शर्टाला धरून ओढलं. बटणं तुटली. ते माझ्यावरच चिडले, "पागल झाला का बे?" गाडी बघितली अन् मग वाकून बटणं वेचायले.

त्या रात्री मी चाचांनी माझ्याकडंच ठेवलेले तिन्ही कोन एकात एक बसवून कपाटावर ठेवले अन् वर चादर टाकली. हसू नका. तुमी असता तर तुमी बी टाकली असती.

चौथा कोन आणला तेव्हा चाचांनी तो माझ्याकडं बघून दिला न्हाई. टेबलावर ठेवला अन् उभे राहिले. मी फिरवत फिरवत आत गेलो. डिंक्या घरी येतो. घरात एक बाई तुरीची डाळ निवडायलीय. डोक्यावर पदर, कानात बारकी रिंग. चाची. डिंक्या शेवटचा कागद काढतो. त्याचा हात थरथरतो, ते बी चाचांनी काढलं होतं, हाताभोवती बारीक बारीक रेघा. अन् भोकापाशी चाचींचं तोंड, पांढरं.

"इथं काय लिहू चाचा?"

"काही नको. तिथं काही ऐकू येत न्हाई."

ते गेले अन् मी मालकाला काहीतरी थाप मारून गाडी काढली. शेळ्या झाल्या, कुकर झाला, गाडी झाली, आता चाची. मला दुसरं काही सुचंना. रस्त्यात चाचींना दोनदा फोन केला, उचलला न्हाई. त्यांच्या घराचं दार उघडंच होतं. मी आत घुसलो.

चाची डाळ निवडायलत्या. धडधाकट. अन् बोलायलत्या. मोठ्यानं, सलग, पोराच्या फोनचं, नळाला पाणी न आल्याचं, शेजारच्या साखरपुड्याचं. चाचा माझ्या आधी पोचलेले, समोर बाजेवर बसलेले. त्यांचे डोळे चाचींच्या तोंडावर. ऐकणारा माणूस असा बघत न्हाई. परदेशातल्या माणसाकडं बघावं तसं ते बघायलते.

"बोलते रहती मैं," चाची मला म्हणल्या, "और ये दीवार."

चाचा म्हणले, "हां, हां." चाचींनी प्रश्न विचारला नव्हताच.

मग मला कळलं. काढतेत ते होत नव्हतं. झालेलं ते काढत होते. भोंग्यापाशी अन् डीजेपाशी उभं राहून त्यांचा कान चालला होता. आधी बारीक आवाज गेले, घुंगरं. मग शिट्ट्या. मग बायकोचा आवाज. आता राहिली होती नुसती जाड थरथर, अन् ती बी किती दिवस, कुणास ठाऊक. माझे एकेक शब्द ते ओठांवरनं ओळखत होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आवाजाचा मिस्त्री बहिरा झाला म्हणून कसं सांगणार. अन् ज्या पोरानं तोंडावर म्हणलं होतं, तुमाला ऐकू येत न्हाई, त्याला कसं सांगणार.

मी बाहेर येऊन पोराला फोन लावला. अक्षरं लिहिताना चारी कोनांचे फोटो काढून ठेवलेते, ते आधी पाठवले.

"बघितलं," तो म्हणला. "डिंक्या म्हंजे अब्बाच ना? बरंय. कबूल तर केलं."

"ये एकदा."

"सुट्टी न्हाई बे. त्यांना सांग कामात हाय मी."

"सांगून उपयोग न्हाई. त्यांना ऐकू येत न्हाई."



"कधीपासून?"

"शेळ्यांपासून," मी म्हणलं. त्याला चाचांची घुंगरं ऐकून चहाला उठायची सवय माहीत होती. त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, पाठीला गिटार, डोळे लाल. मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. चाचांची पाठ दाराकडं. "अब्बा," तो म्हणला. मग मोठ्यानं, "अब्बा." चाचा कॉइल गुंडाळत राहिले. तो तसाच पाठीला बोलायला लागला. काय बोलला ते मी लिहीत न्हाई, ते माझं न्हाई. तीन वर्षांचं होतं सगळं. दोन फुटांवर उभा राहून बोलत होता अन् चाचा वायर गुंडाळत होते. बघवंना मला.

मग त्यानं टेबलावर हात ठेवला. टेबल हललं तसे चाचा वळले.

चाचांनी बोटानं थांब म्हणून खूण केली. कोपऱ्यातलं ते जुनं कॅबिनेट ओढून पुढं आणलं, वरची चादर काढली, जाळी काढली. पाचवा कोन तिथं होता. बाहेर काढलेला न्हाई, कॅबिनेटमधीच बसवलेला, ज्याला चीर दिली होती तोच. त्याच्यावर चित्रं. त्यातलं एक बी अक्षर माझ्याकडनं लिहून घेतलेलं नव्हतं. डिंक्या जमिनीवर बसलाय. समोर फाटक्या. डिंक्यानं पेचकस दातात धरलाय अन् टोक फाटक्याच्या छातीला लावलंय. अन् फाटक्याच्या तोंडापाशी, जिथं बोलणं लिहितेत तिथं, ती पांढरी पट्टी. तीच, तीन वर्षांपूर्वी चिकटवलेली. भोवतीनं बारीक रेघ मारून फुगा केलेला. रिकामा.

पोरगा गुडघ्यावर बसला. मान वाकडी करत करत गोल वाचत गेला. पट्टीपाशी बोट थांबलं.

चाचांनी त्याच्या हातात अर्धं ब्लेड दिलं.

"तू लिही," म्हणले.

त्यानं हळूच चीर दिली. कागद फाटताना टर्र आवाज झाला, तो मला ऐकू आला, पोराला आला, चाचांना न्हाई. मग गिटारीची वायर जोडली अन् सगळ्यात जाड तार छेडली. एकदाच.

तो आवाज मी विसरणार न्हाई. फाटका, खरबरीत, अन् संपंना. वरचे सगळे कोन हलायला लागले, एकमेकांवर घासायले, छतावरनं कैक वर्षांची धूळ आमच्यावर पडायली. अंधाऱ्या दुकानात शंभर काळी तोंडं एकदम पुटपुटायला लागल्यावानी. चाचा त्याच्या खाली बसलेले, डोळे मिटून, मूठ दातात, टोक कॅबिनेटला. धूळ टोपीवर पडायलीय तरी हलले न्हाईत.

तार थांबली. कोन थांबायला वेळ लागला.

चाचांनी पेचकस काढला. "फाटलंय," म्हणले.

पोरानं मान हलवली.

"राहू दे," चाचा म्हणले, अन् मिस्त्री दुरुस्ती तपासताना करतो तशी बोटानं खूण केली. परत वाजव.

त्यानंतर तो महिन्याला यायचा. बोलणं काय व्हायचं न्हाई, कसं होणार. तो वाजवायचा अन् हे ऐकायचे, दातानं. चाची म्हणायच्या, दोघांचं डोकं फिरलंय, अन् दोघांना एकाच ताटात वाढायच्या. मागच्या उसाच्या हंगामात चाचा गेले. दुकान उतरवताना पोरगा मला म्हणला, "चित्रकथा तू ठेव, अक्षरं तुझी हायत." कॅबिनेट तो घेऊन गेला.

आता आजचं.

चाचा गेल्यावर मी एकदा ते चार कोन धूळ पुसायला वेगळे करायलो, तर ते चार नव्हते. तळाचा कोन डबल निघाला. त्याच्या मागनं अजून एक घट्ट बसलेला. त्याच्यात शेळ्याच होत्या, तोच कळप. पण ह्याच्यात दारात एक माणूस उभा होता, अन् तो चाचा नव्हता. पोरगेला होता, मागच्या खिशात दोन काड्या. ड्रमच्या. अन् घुंगराकडं जाणारा हात डिंक्याचा नव्हता, नुसताच हात होता, कुणाचा ते काढलंच नव्हतं. त्या माणसाच्या तोंडापाशी पांढऱ्या कागदाचा रिकामा फुगा.

मला वाटलं चेष्टा केली म्हाताऱ्यानं. त्या पत्र्याच्या खोलीत मी चार वर्षं ड्रम बडवले, स्पीकरच्या पुढ्यात बसून. चाचा कधीकधी माझ्या मागं उभं राहून चुटकी वाजवायचे अन् मी वळतो का बघायचे. मला तेव्हा वाटायचं खेळ हाय.

आज सकाळी मी दात घासत दारात उभा होतो. कळप आला. शेळ्या राखणाऱ्या काकांनी "काय म्हणतो" म्हणून हात केला, ते ऐकू आलं. पाय वाजलेले ऐकू आले. कुत्रं भुंकलं, ते बी आलं. अन् गळ्यातली घुंगरं हलायलती, सगळी, इकडून तिकडं, मला स्वच्छ दिसायलती. पूर्ण कळप माझ्यापुढनं गेला.

मी आत तोंड करून विचारलं, "आई, त्यांनी घुंगरं काढली का गं?"

"काय बोलायलास," आई म्हणली, "त्याच आवाजानं तर रोज जाग येती."

मी "हां, हां" म्हणलं. अगदी चाचांवानी. अन् तिला काही न सांगता पायरीवर येऊन बसलो अन् हे लिहायला लागलो. लिहिता लिहिता लक्षात आलं की मी बी तेच करायलोय, घरातल्याला सोडून कोनावर काढत बसलोय. आता फोन खिशात घालतो अन् आत जाऊन आईला सांगतो. आधी तेवढं, मग दवाखाना.

पण त्याआधी तुमाला विचारतो. तुमच्यासोबत झालंय का असं, की रोजची गोष्ट डोळ्यासमोर हलायलीय अन् तिचा आवाजच येईना? अन् झालं असंल तर खरं सांगा, तुमी पहिल्यांदा कुणाला सांगितलं?